आप्पांचं माप

आप्पांना आयुष्यात दोनच गोष्टी कमी पडल्या. एक शत्रू आणि दुसरी कंबर.

बाकी देवाच्या दयेनं सगळं होतं. पंचगंगेच्या काठाला चार एकर ऊस, दावणीला दोन म्हशी, सेवा सोसायटीचं संचालकपद आणि समोरच्या गल्लीतल्या माणसाला घरात बसून हाक मारता येईल असा आवाज. शत्रू आणि कंबर नसल्यानं त्यांचं पंचावन्न वर्षं काही अडलं नव्हतं. अडलं ते रिव्हॉल्व्हर घ्यायचं मनात आल्यावर. परवाना मिळायला शत्रू लागतो आणि परवाना मिळाल्यावर हत्यार अडकवायला कंबर लागते.

मनात आलं ते एका लग्नात. शेजारच्या तालुक्यातला कोणी बांधकामवाला पाहुणा अक्षता घ्यायला वाकला, त्याचा शर्ट वर सरकला आणि कमरेला काळी मूठ दिसली. लगेच पाच माणसं बाजूला झाली, दोघांनी खुर्ची दिली आणि एकानं त्याच्यासाठी न मागता मठ्ठा आणला. आप्पांनी हे डोळ्यांनी पाहिलं. त्या पंगतीत त्यांनी जिलेबी परत पाठवली. वहिनींनी तेव्हाच ओळखलं, की काहीतरी बिनसलंय.

अर्ज लिहायचं काम माझ्याकडं आलं. मी प्राथमिक शाळेतला निवृत्त मास्तर. गावातले सगळे अर्ज, सगळ्या पत्रिका आणि एक-दोन प्रेमपत्रंही माझ्याच अक्षरात गेलेली. कारणाच्या रकान्यात मी ‘जिवाला धोका’ असं लिहिलं आणि विचारलं, “कुणापासून?” आप्पा दोन दिवस विचार करत होते. तिसऱ्या दिवशी पहाटे दार वाजवून म्हणाले, “चुलतभावाचं नाव लिवा. बांधावरनं एकदा तोंडातोंडी झालीती.”

चौकशीला हवालदार आले तेव्हा चुलतभाऊ आप्पांच्याच सोप्यात चहा पीत बसलेला. हवालदारांनी विचारलं, “यांना धोका कुणापासून आहे?” चुलतभाऊ बशी खाली ठेवून म्हणाला, “माझ्यापास्नंच की. लिवून घ्या, साहेब.” आणि आत बघून, “वैनी, साखर जरा कमी पडलीया.” हवालदार मग गावात फिरले. चावडीपुढं एका म्हाताऱ्यानं त्यांना सांगितलं, “आप्पाला मारून कुनाचं काय भलं हुनार हाय?” हे वाक्य आप्पांच्या कानावर आलं आणि पुढं कैक महिने ते त्या म्हाताऱ्याशी बोलले नाहीत. धोका नाही म्हटल्याचं दुःख नव्हतं. त्या बोलण्यातला हिशोब त्यांना लागला होता.

तरी शेवटी परवाना आला. हत्यार सुरक्षित कसं हाताळायचं त्याच्या शिक्षणाचं प्रमाणपत्रही आप्पांनी मिळवलं, भिंतीवर लावलं आणि सातबाऱ्याच्या खालोखाल जपलं. मग आम्ही शहरात परवानाधारक विक्रेत्याकडं गेलो. तिथं कळलं, की .३८ चं रिव्हॉल्व्हर आणि ९ मिलिमीटरचं पिस्तूल ही सरकारी बोअरं, तुमच्या-आमच्यासाठी .३२. कानपूरच्या आयुध निर्माणीचं वीतभर लांबीचं रिव्हॉल्व्हर, तीन इंच नळी, सहा गोळ्यांची चरखी, वजन सातशे ग्रॅम. विक्रेत्यानं एक हलकंही दाखवलं. ‘निर्भीक’ नाव, पाचशे ग्रॅम, २०१४ साली महिलांसाठी म्हणून काढलेलं. “नेहमी अंगावर ठेवायचं असलं तर हे बरं,” तो म्हणाला. आप्पांनी त्याच्याकडं असं पाहिलं, की जणू नऊवारी नेसून बघा म्हणाला होता. दोनशे ग्रॅम जास्तीचे घेऊन आम्ही परत आलो. ते दोनशे ग्रॅम आप्पांना पुढं फार महाग पडले.

वहिनींनी पहिल्याच दिवशी काडतुसांची डबी ताब्यात घेतली, कपाटात पाटल्यांच्या डबीशेजारी ठेवली आणि किल्ली कमरेला खोचली. घरात दोन कमरा. एकीला रिव्हॉल्व्हर, एकीला किल्ली. हत्यार नक्की कुठल्या कमरेला होतं, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

आता प्रश्न राहिला होल्स्टरचा. मी शस्त्र नियम, २०१६ वाचून दाखवले. सार्वजनिक जागी हातात मावणारं हत्यार न्यायचं तर ते होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत हवं, अंगावर असेल तर कोट, जाकीट किंवा कपड्याच्या आड हवं आणि चारचौघांत उगारायला सक्त मनाई. आप्पांनी दोनदा वाचायला लावलं. “म्हंजे दिसायचं न्हाई?” “नाही.” “अजिबात?” “अजिबात.” थोडा वेळ ते आढ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, “वाकल्यावर?” नियमात वाकण्याबद्दल काही नव्हतं. आप्पांचा चेहरा उजळला. पुढची दोन वर्षं या माणसानं जेवढी वाकून वाकून कामं केली, तेवढी उसाच्या लागणीतही केली नव्हती.

पहिली गाठ पडली ती लेंग्याशी. आप्पा जन्मापासून लेंगेवाले. लेंग्याला नाडी. नाडी माणसाची लाज धरून ठेवायला केलेली असते. तिच्यावर सातशे ग्रॅम लोखंडाचा भार टाकावा असं ती विणणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल. मारुतीच्या देवळापर्यंत पोचेतो उजव्या बाजूचं पारडं खाली गेलं. आप्पा डाव्या हातानं नमस्कार करत आणि उजव्या हातानं संसार सावरत घरी आले.

मग पँट शिवायला टाकली. शिंप्यानं टेप काढली, आप्पांना एक फेरा मारला आणि विचारलं, “आप्पा, कंबर कुठं धरू?” प्रश्न रास्त होता. पोटाच्या वर धरली तर बक्कल छातीला लागायचं, खाली धरली तर मांडीला. शेवटी खाली धरली. पट्टा आला तो दोरीसारखा नरम. त्यात अडकवलेलं काहीही बाहेरच्या बाजूला लोंबायचं. पट्टा रुंद आणि कडक हवा, होल्स्टरची घरं त्याच रुंदीची हवीत, नाहीतर मूठ अंगाला धरून राहत नाही, हे आम्हाला कळायला तीन पट्टे जावे लागले.

पोलीस लाईनीमागं गणवेशाचं सामान विकणारं एक दुकान आहे. तिथं काळं, जाड, झाकणाचं होल्स्टर मिळालं. ते पिस्तुलासाठी बेतलेलं. पिस्तूल असतं चपटं, तालमीत न गेलेल्या पोरासारखं. रिव्हॉल्व्हरला मधोमध चरखी, म्हणजे पोट. आप्पांच्या रिव्हॉल्व्हरला आप्पांसारखंच पोट, त्यामुळं ते निम्मं आत आणि निम्मं बाहेर राहिलं. दुकानदारानं दुसरं काढलं, नायलॉनचं. “हे सगळ्याला बसतंय बघा.” शाळेत फुकटचे गणवेश वाटण्यात माझी पस्तीस वर्षं गेली. सगळ्यांना बसणारं माप कुणालाच बसत नाही, हे मी आप्पांना सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही.

त्या नायलॉनच्या पिशवीत रिव्हॉल्व्हर डब्यातल्या वाटीसारखं खुळखुळत असे. हनुमान जयंतीला आरती झाली, सगळ्यांनी लोटांगण घातलं, आप्पांनीही घातलं. ते उठायच्या आत रिव्हॉल्व्हर निसटलं आणि शहाबादी फरशीवरून घसरत घसरत गाभाऱ्यासमोरच्या कासवाला जाऊन टेकलं. देऊळ गप्प झालं. पुजाऱ्यानं सवयीनं त्यावर दोन थेंब तीर्थ शिंपडलं. काडतुसं कपाटात होती म्हणून बरं. वहिनी बायकांच्या रांगेतून एवढंच म्हणाल्या, “उचला आता. देवाला पुरे झालं दर्शन.”

त्यानंतर काखेतलं होल्स्टर आलं. सिनेमातले इन्स्पेक्टर घालतात ते, दोन्ही खांद्यांवरून पट्टे आणि डाव्या काखेत हत्यार. लोंबायचा प्रश्न नाही, पट्ट्याचा नाही, पोटाचा नाही. पण वर जाकीट घालायचं, आणि महिना वैशाखाचा. आप्पा डावा हात अंगापासून फूटभर लांब धरून, नाकानं घाम गाळत गावातून फिरू लागले. आठ दिवसांत गावभर झालं, की आप्पांना काखमांजरी झालीय. बायका वहिनींना विचारायला येऊ लागल्या. एकीनं बिब्ब्याचा उपाय सांगितला, एकीनं लेप वाटूनच आणला. आप्पांना बोलता येईना, की काखेत गाठ नाही, रिव्हॉल्व्हर आहे. त्यांनी लेप लावून घेतला.

मला राहवलं नाही. मी त्यांना सॅम ब्राऊनची गोष्ट सांगितली. हा इंग्रज अधिकारी १८५८ साली उत्तर हिंदुस्थानातल्या लढाईत डावा हात गमावून बसला. एका हातानं तलवार काढताना म्यान हलू नये म्हणून त्यानं कमरेचा पट्टा आणि खांद्यावरून तिरपा जाणारा दुसरा पट्टा अशी जोडणी केली. पोलीस अधिकाऱ्याच्या छातीवर दिसतो तो तिरपा पट्टा त्याचाच. माझं तात्पर्य असं होतं, की त्या माणसानं आधी स्वतःची अडचण पाहिली आणि मग पट्टा केला. आप्पांनी त्यातून त्यांचं तात्पर्य काढलं. “त्येला हात नव्हता म्हनून पट्टा. मला पोट हाय म्हनून पट्टा.” दुसऱ्या दिवशी तिरपा पट्टा आला. तो पोटावरून घसरून एका बाजूला जाई आणि आप्पा बक्षीस न मिळालेल्या पैलवानासारखे दिसत.

कळस झाला सोसायटीच्या वार्षिक सभेत. नवं कडक होल्स्टर उजव्या कुल्ल्याच्या जरा मागं, नवा रुंद पट्टा, वर पांढरा शर्ट. आप्पा प्लॅस्टिकच्या हातवाल्या खुर्चीत बसले. अहवाल वाचून झाला. विरोधकांनी खताच्या साठ्याचा विषय काढला. आप्पा तावातावानं उत्तर द्यायला उठले आणि त्यांच्याबरोबर खुर्चीही उठली. होल्स्टर खुर्चीच्या हाताखाली अडकलं होतं. ते वळतील तिकडं खुर्ची वळत होती. मागून कोणीतरी ओरडलं, “बगा, बगा! खुर्ची सुटंना!” सभा हसून हसून तहकूब झाली. खताचा विषय राहिला तो राहिलाच, त्यामुळं चेअरमननी मात्र आप्पांचे मनापासून आभार मानले.

आमच्याकडं एखाद्याची टर उडवण्याला माप काढणं म्हणतात. त्या दिवशी अख्ख्या गावानं आप्पांचं माप काढलं. आणि त्यांचं खरंखुरं माप अजून कोणी घेतलंच नव्हतं.

ते घेतलं कोल्हापुरातल्या एका म्हाताऱ्या चप्पल कारागिरानं. मी चपला त्याच्याकडूनच घेतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या आधी पन्नास वर्षांपासून हा माणूस आरी-रापी चालवतोय. होल्स्टर त्यानं जन्मात केलं नव्हतं. त्यानं रिव्हॉल्व्हरकडं बघितलंही नाही. आप्पांना म्हणाला, “बसा.” आप्पा बसले. “उठा. वाका. फटफटीवर बसल्यागत बसा. खिशातनं पैसं काढा. आता डोकं खाजवा.” आप्पा वैतागले. “अरं, माप हत्याराचं घ्यायचं हाय!”

“हत्याराचं माप कुनीबी घील,” म्हातारा म्हणाला. “त्ये वाढत न्हाई, जेवत न्हाई, वाकत न्हाई. तुमी समदं करताय.”

मग त्यानं सांगायला सुरुवात केली. आप्पांचा हात मागं पोचत नाही, पोट मध्ये येतं. म्हणून कुल्ल्यामागं नको, उजव्या बरगडीच्या खाली जरा पुढं आणि मूठ वर, म्हणजे खुर्चीत अडकणार नाही. चापाची कडी पुरती झाकली पाहिजे, तिथं बोट तर सोडाच, शर्टाचं टोकसुद्धा शिरता कामा नये. तोंड कडक हवं, हत्यार काढल्यावर मिटलं नाही पाहिजे. एका हातानं परत ठेवता आलं पाहिजे. उलटं धरून हलवलं तरी पडू नये, आणि काढताना मात्र कुस्ती करावी लागू नये. वर अंगठ्यानं सुटणारं टिचबटण. कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं, “क्रोमचं नगं, लोखंडाला खातंय.” चपलेचंच शास्त्र, पण पायाऐवजी पोटाला लावलेलं.

ओलं कातडं हत्यारावर दाबून बसवायचं आणि त्यावरच वाळवायचं, म्हणजे चरखीचा फुगवटासुद्धा त्यात उतरतो. त्याला दोन दिवस लागतात. पण विनापरवाना माणसाकडं हत्यार ठेवता येत नाही. आप्पा काही दोन दिवस त्या दुकानात बसायला तयार नव्हते, म्हातारा तर ठेवून घ्यायलाच तयार नव्हता. “मग साचा आना,” तो म्हणाला. गावच्या सुतारानं आप्पांना समोर बसवून, रिव्हॉल्व्हर त्यांच्याच हातात ठेवून, लांबून कर्कट लावत सागाच्या ठोकळ्यातून हुबेहूब साचा कोरला. मूठ, चरखी, चाप, सगळं. वर काळं वॉर्निशही मारलं. ते त्याच्याकडून फुकट.

होल्स्टर झालं ते असं, की आप्पा ते लावून जेवले, झोपाळ्यावर बसले, म्हशीखाली धारेला बसले आणि त्यांना आठवणही राहिली नाही. म्हाताऱ्यानं देताना एक पथ्य सांगितलं. “रातच्याला हत्यार ह्यात ठिवायचं न्हाई. कातडं दमट धरतंय, गंज चढतोय. हत्यार भाईर काडायचं आन् ह्यो साचा आत घालायचा. आकार ऱ्हातोय.” तेव्हापासून दिवसा रिव्हॉल्व्हर आणि रात्री साचा, अशी पाळी सुरू झाली.

आणि एक नवीनच पंचाईत झाली. होल्स्टर इतकं अंगाबरोबर बसलं, की आता ते वाकल्यावरसुद्धा दिसेना. आप्पा अक्षता घ्यायला वाकले, नांगराचा फाळ बघायला वाकले, पडलेला रुपया उचलायला वाकले. कुणी खुर्ची दिली नाही. मठ्ठा तर नाहीच.

अशात २०२४ साल उजाडलं. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. निवडणुकीच्या काळात परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायची असतात, पण सरसकट सगळ्यांची नाहीत. जामिनावर सुटलेले, गुन्हे दाखल असलेले, मागं दंग्यात सापडलेले, अशांची नावं छाननी समिती काढते. शेजारच्या गावातल्या दोघांना नोटीस आली. त्यांनी ती चहाच्या टपरीवर वाचून दाखवली. आप्पा रोज पोस्टमनची वाट बघत. आठ दिवस झाले, दहा झाले. अकराव्या दिवशी मला घेऊन ठाण्यात गेले.

“साहेब, माझी नोटीस कुटं पडली काय?”

फौजदारांनी यादी काढली, वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली. “तुमचं नाव नाही, आप्पा.”

“कसं काय?”

“अहो, चांगलंच आहे की. तुमच्यापासून कुणाला धोका नाही.”

मी आप्पांकडं बघायचं टाळलं. धोका कुणापासून नाही हे आधीच सिद्ध झालं होतं. आता धोका कुणाला नाही, हेही सरकारी कागदावर आलं. माणसानं मग जावं कुठं? आप्पा थोडा वेळ उभे राहिले. मग शांतपणे टिचबटण उघडलं, रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “जमा करून घ्या. म्या आपल्या खुशीनं द्यायलोय. पावती द्या.” फौजदारांनी समजावलं, मी समजावलं. पावती घेऊनच ते बाहेर पडले. ती त्यांनी वरच्या खिशात अशी ठेवली, की निम्मी बाहेर दिसावी.

घरी आल्यावर रिकाम्या होल्स्टरचा आकार जाईल म्हणून त्यांनी साचा आत घातला. पथ्यच होतं ते. फक्त आता रात्रीबरोबर दिवसाचीही पाळी साच्याकडं आली.

जूनमध्ये आचारसंहिता उठली. मी विचारलं, “आणायचं का आप्पा?” ते म्हणाले, “पाऊस लागलाय. गंजंल.” पावसाळा संपला तर १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. ती संपल्यावर म्हणाले, “आता जिल्हा परिषदा लागत्याल की.” आमच्या भागात निवडणुकांना तोटा नाही, विधानसभा झाली तर कारखाना असतो, कारखाना झाला तर दूध संघ, आणि काहीच नसलं तर सोसायटी असतेच. आचारसंहिता कुठली कशाला लागते, हे आप्पांनी मला विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

एवढं मात्र माझ्या लक्षात आलं. आप्पा पूर्वीसारखे वाकेनात. रुपया पडला तर नातवाला उचलायला सांगत. वाऱ्यावर शर्ट उडाला तर चटकन हात खाली जाई. नियमाचं पालन त्यांच्याइतकं कसून जिल्ह्यात दुसरं कोणी करत नसेल. आणि चालणं सरळ झालं होतं, पट्टा एक घर सैल झाला होता, काखेतला हात जाग्यावर आला होता. एका लग्नात तर यजमानांनी आपणहून त्यांना पुढची खुर्ची दिली. कशासाठी, ते त्यांनाही कळलं नाही आणि मलाही नाही. वय झालंय, एवढंच असेल.

परवा संध्याकाळी पारावर आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, “आप्पा, आता कुठलीच निवडणूक नाही. उद्या मी शहरात चाललोय. येताय काय ठाण्यात?”

त्यांनी इकडं-तिकडं बघितलं. पार रिकामा होता. तरी माझ्या कानाशी येऊन, जन्मात पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, “मास्तर, त्ये लई जड हाय वो.”

आणि शर्टाचं टोक त्यांनी असं काळजीनं खाली ओढलं, की नियमात लिहिलंय त्याच्याहून जरा जास्तच झाकलं गेलं.